तिकडे उकडतंय का?

९ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. घरात मोठा निर्णय व्हायचाय, त्याची नोंद राहिलेली बरी.

मुद्दा असा. मला परदेशात येऊन चार महिने झाले. ही आणि ठकी अजून तिकडेच. ठकी नऊ वर्षांची. खरं नाव फक्त शाळेत चालतं. हिचं म्हणणं, पोरीला उन्हाळा सोसत नाही, गेल्या मे महिन्यात दोनदा घोळणा फुटला, तुझ्याकडे उकाडा असेल तर आम्ही काही येणार नाही, खरं काय ते सांग. शाळेच्या बाईंनी जुलैअखेरची मुदत दिलीय. तोवर ठकीचा दाखला काढायचा की नाही ते कळवायचं. दाखला काढला की दोघी इकडे. नाही काढला तर मी आहे असाच, दोन खोल्यांत एकटा, स्वतःशी गप्पा मारत.

आज फोनवर हिने विचारलं, तिकडे उकडतंय का. म्हटलं, छे, तेवीस डिग्री.

प्रत्यक्षात सदतीस आहे. पण ते आजच्यापुरतं. ऑफिसात सगळे म्हणतात, चार दिवसांची लाट असते. शिवाय थंडावा हा माझा धंदाच आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये टेम्परेचर कंट्रोल बघतो मी. ढिगांनी वाटाणा आणि मासळी माझ्या भरवशावर उणे वीसमध्ये निवांत पडलेली असते. दोन खोल्या गार करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

१० जून

योजना तयार. पहाटे पाचला उठणे. सगळ्या खिडक्या उघडून गार हवा आत घेणे. आठ वाजता खिडक्या आणि पडदे बंद. सायंकाळपर्यंत गार हवा आत कोंडलेली. साधं शास्त्र आहे. लोक उगाच एसीच्या मागे लागतात.

११ जून, सकाळी ८.४०

आत्ता उठलो. झोपच लागत नव्हती, ती नेमकी पाचला लागली. ऊन थेट गादीवर. उद्यापासून.

१४ जून, शनिवार

पाचला उठण्याचा प्रकार मुळात अशास्त्रीय आहे. बाहेरची हवाच गार नसते, तर आत काय घेणार, कपाळ?

नवी योजना. ओल्या चादरी. लहानपणी आमच्या दाराला ओलं गोणपाट बांधायचे आणि आत कसं गारेगार असायचं. दोन चादरी, एक टॉवेल आणि लुंगी भिजवून खिडक्यांना टांगली. रस्त्यावरून दोघं-तिघं वर बघून गेले. बघू देत.

सायंकाळी ६

आमच्याकडची हवा कोरडी होती हे ध्यानात घ्यायला हवं होतं. इथे हवेतच इतकं पाणी आहे की चादरी काही वाळेनात. खोलीला धोबीघाटाची कळा आलीय. भिंतीला हात लावला तर भिंतही घामाघूम.

हिला सांगितलं, घरात छान ओलावा असतो. ती म्हणाली, नशीबवान आहेस बाबा, इथे नुसती काहिली होतेय.

१७ जून

घरमालकाला फोन केला. भिंतीला भोक पाडून एसी बसवू द्याल का, असं अत्यंत गोड शब्दांत विचारलं. त्यांनी तितक्याच गोड शब्दांत नाही सांगितलं. भिंत जुनी आहे म्हणे. भाडं घेताना नवी होती.

मानेवर पुरळ. घामोळं नसावं, मला लहानपणापासून घामोळं येत नाही. पाण्याची अ‍ॅलर्जी असणार.

२१ जून, शनिवार

नळीवाला एसी आणला. भोकबिक काही नको. खाली चाकं, मागे हत्तीच्या सोंडेएवढी नळी, ती खिडकीतून बाहेर काढायची की गरम हवा बाहेर आणि गार हवा आत. घरमालकाची काय बिशाद.

खिडकी पडली सुरक्षिततावाली. चार बोटांवर उघडत नाही. नळी बाहेर जाईना, आणि बाल्कनीच्या दाराजवळ प्लगच नाही. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. मी नळी बाथरूममध्ये सोडली आणि दार लावून घेतलं. गरम हवा बाथरूममध्ये राहील, आपल्याला काय त्याचं.

२२ जून, रविवार

गरम हवा बाथरूममध्ये राहत नाही. दाराखालून येते. आली ती येते, वर बाथरूम असं तापतं की सकाळी नळाला हात लावला आणि बोट भाजलं. साबण वितळून जाळीतून खाली गेला. दात स्वयंपाकघरात घासले.

तात्त्विकदृष्ट्या यंत्र बरोबर चाललंय. घर चुकीचं आहे.

फोनवर ठकी. बाबा, आज तिकडे किती? तेवीस. तुझ्याकडे रोजच तेवीस कसं काय असतं? म्हटलं, इथे सगळं शिस्तीत असतं.

२७ जून, शुक्रवार

उकाड्यावर निसर्गानेच उपाय काढला. चार वाजता सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले. वादळाचा इशारा. ऑफिसातले लोक लगबगीने घराकडे निघाले, खिडक्या बंद करायला म्हणून. मी निघालो नाही. उलट आज मुद्दाम सगळं उघडं टाकून आलो होतो, बाल्कनीचं दारसुद्धा. वादळ म्हणजे फुकटचा वारा. हवा खेळती राहणार. हे यांना सुचत नाही.

रात्रीच्या जेवणानंतर

हवा खेळली. गादी, उशा, दोन शर्ट आणि ऑफिसचा लॅपटॉप पाण्यात. बाल्कनीतली खुर्ची बाल्कनीत नाही. खाली डोकावून पाहिलं, तर केअरटेकरच्या गाडीच्या टपावर व्यवस्थित चारी पायांवर उभी. जणू कोणी पाहुणा येऊन बसणार आहे.

केअरटेकर माणूस सज्जन. तळमजल्यावर राहतो. खुर्ची स्वतः वर आणून दिली आणि काही बोलला नाही. इतका वेळ काही बोलला नाही की मीच तीनदा सॉरी म्हणालो.

हिने विचारलं, पाऊस आहे का. म्हटलं, हो, मस्त. मी पावसात भिजलेल्या गादीच्या कडेला बसलो होतो. ती म्हणाली, मजा आहे बुवा एका माणसाची.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वादळानंतरही हवा गार झाली नाही. नुसती ओली झाली. म्हणजे पूर्वी भाजत होतो, आता उकडतोय.

२ जुलै, बुधवार

पुन्हा वादळ. या वेळी खिडक्या बंद करून बसलो होतो, अनुभवी माणूस आहे. कडकड असा आवाज झाला आणि आमच्या इमारतीची लाईट गेली. रस्त्यापलीकडे चालू, आमच्याकडे मिट्ट काळोख. केअरटेकर नेमका आठवडाभर सुट्टीवर, बहुधा गाडीचा टप ठोकून घ्यायला.

जिन्यात सगळे जमले. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या. त्यांच्या फ्रीजरमध्ये मांजरासाठी महिन्याभराचे मासे भरलेले. मेंटेनन्सच्या ऑफिसला फोन कोण करणार, तर जो तो दुसऱ्याकडे बघतोय. मी पुढे झालो. म्हटलं, फ्रीजर हा माझा विषय आहे, काळजी करू नका. आजीबाईंनी माझा हात हातात घेतला. परक्या देशात असा कोणी हात धरला की बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

३ जुलै, सकाळी

मेंटेनन्सला फोन लावला. खणखणीत इंग्रजीत सांगितलं, काल सायंकाळपासून आमची लाईट गेली आहे. फोनवरची बाई मख्ख. विचारते, कोणत्या खोलीतली. म्हटलं, सगळ्या खोल्यांतली. मग विचारते, तुम्ही स्वतः बदलून पाहिली का. आता माझं डोकं सरकलं. म्हटलं, मॅडम, ती मी कशी बदलणार, ते तुमचं काम आहे. ती म्हणाली, बरं, बरं, माणूस पाठवते, पण परवापर्यंत थांबावं लागेल, कारण हे तातडीचं मानत नाहीत.

तातडीचं मानत नाहीत! अख्खी इमारत अंधारात, आणि यांना त्याचं काही नाही. या देशाबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं खोटं.

जिन्यात सांगितलं, काम झालंय, माणूस येतोय. सगळ्यांनी थँक्यू म्हटलं.

४ जुलै

एसी बंद, फ्रीज बंद, लिफ्ट बंद. बाथटबमध्ये गार पाणी भरून त्यात बसून मोबाइलवर ऑफिसच्या मेलला उत्तरं दिली. फोनची बॅटरी संपायच्या आत हिला फोन. म्हटलं, सध्या रोज पोहतो. आणि रात्री मेणबत्तीच्या प्रकाशात जेवतो. ती म्हणाली, एकटाच? म्हटलं, हो मग. ती हं म्हणाली.

वरून माशांचा वास यायला लागलाय. आजीबाईंनी दोनदा दार वाजवून विचारलं, माणूस कधी येणार. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मी घरात नाही असं दाखवलं. टबमध्ये हलता येत नव्हतं, पाण्याचा आवाज होतो.

५ जुलै, शनिवार

माणूस आला. सगळी इमारत जिन्यात उभी राहून वाट बघत होती. आजीबाई मांजराला कडेवर घेऊन. माणसाच्या एका हातात शिडी आणि दुसऱ्या हातात बल्बचं खोकं.

माझ्या खोलीत आला. शिडी लावली. चढला. दिव्यातला बल्ब काढला, नवा लावला, उतरला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा चढला, दुसरा बल्ब लावला. मी त्याला सांगायचा प्रयत्न करत होतो की अहो, लाईट गेलीय. तो म्हणत होता, हो, हो, तेच तर बदलतोय.

चौथ्या बल्बानंतर आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं. आपण लाईट म्हणतो ती वीज. यांची लाईट म्हणजे दिवा. माझी तक्रार तीन दिवस दिवा गेला अशी पडून होती. त्याने तिथूनच एक फोन केला आणि तासाभरात विजेचं पॅनेल बघणारे येऊन सगळं चालू करून गेले. म्हणजे पहिल्याच दिवशी झालं असतं.

आजीबाईंनी मासे चार पिशव्यांत भरून खाली नेले. मी पिशव्या धरायला गेलो तर त्यांनी धरू दिल्या नाहीत.

भाषेचा प्रश्न आहे. माझा नव्हे, त्यांच्या भाषेचा.

८ जुलै

जिन्यातली पोरं मला बघून बल्ब, बल्ब करतात. फोनवर ठकीला सांगितलं, इथे मला टोपणनाव मिळालंय. टोपणनाव मिळणं म्हणजे लोकांनी आपलं मानल्याची खूण. ठकीने आईला ओरडून सांगितलं. मागून हिचा आवाज आला, वा, छानच रुळलाय.

१२ जुलै, शनिवार

अडचण. ही म्हणते, व्हिडिओवर ये ना, किती दिवसांत तोंड दिसलं नाही. गेले महिनाभर मी कॅमेरा बिघडलाय सांगतोय, कारण मान पुरळाने लाल आणि घामाने केस चिकटलेले. तेवीस डिग्रीत माणूस असा दिसत नाही.

उपाय सापडला. उद्या रविवार, कोल्ड स्टोरेजमध्ये माणसं कमी. मुख्य दाराच्या आत एक लांब खोली आहे, तिथे माल उतरवतात. दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या लोंबतात. आत जॅकेट घालून बसायचं आणि बोलायचं. चेहरा ताजातवाना. मागे पांढरी भिंत. झकास.

१३ जुलै, रविवार

अपेक्षेपेक्षा जास्त झकास झालं. जॅकेट, कानटोपी आणि बोलताना तोंडातून वाफ. ही दोन मिनिटं नुसती बघत राहिली. म्हणाली, अरे, जुलैत? म्हटलं, सकाळी जरा गारवा असतो. ठकी नाचायला लागली, बाबाकडे बर्फ, बाबाकडे बर्फ. म्हटलं, दाखला काढा आणि या. म्हणजे म्हणणार होतो. पण नेटवर्क जात होतं म्हणून दार पायाने उघडं धरून बसलो होतो, आणि तेवढ्यात अलार्म झाला. वॉचमन धावत आला. फोन बंद करावा लागला.

१४ जुलै

दार उघडं राहिल्यामुळे पुढच्या रांगेतला वाटाणा मऊ पडला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ माझ्याबद्दलच बोलत होते. शेवटी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. म्हटलं, फर्स्ट क्लास.

शिंका. चाळीस डिग्रीत सर्दी. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट या मोसमातला पहिलाच.

हिला सांगितलं, साहेबांनी आज खास बोलावून घेतलं. ती म्हणाली, तुझं सगळं छान चाललंय रे. आवाज जरा बारीक वाटला. नेटवर्कच असेल.

२० जुलै, रविवार

आज ही म्हणाली, एक विचारू का. आमची आठवण येते का तुला? असं एकदम विचारल्यावर माणूस काय सांगणार. समोर ठकीचा शाळेतला फोटो होता, घामाने कोपरा फुगलेला. मी म्हटलं, अगं, आठवण यायला वेळ कुठे आहे, इथे दिवस कसा जातो कळत नाही. बाईमाणूस उगाच काळजी करत बसेल, म्हणून म्हटलं. हसत म्हटलं.

ती हसली नाही. पण तिला हसू उशिरा येतं, पहिल्यापासून.

२४ जुलै

एकेचाळीस. एसीने राम म्हटला. बसल्या बसल्या जिवाची तगमग. सर्दी, घामोळं (घामोळंच आहे ते), आणि वरून रोज सायंकाळी वीज चमकून नुसता गडगडाट, पाऊस नाही. जेवण करायचा कंटाळा म्हणून पाव खाल्ला, उभ्यानेच. ठकी असती तर म्हणाली असती, बाबा, बसून खावं. मीच तिला शिकवलंय.

दोन खोल्यांत एकटा माणूस किती आवाज करतो. खुर्ची ओढली तरी कोणी विचारत नाही, काय पडलं म्हणून.

२६ जुलै, शनिवार

ठरलं. हिला सगळं खरं सांगायचं. एकेचाळीस, बाथरूम, बल्ब, वाटाणा, सगळं. म्हणायचं, मला जमत नाहीये गं. तुम्ही या. उकाडा ऑगस्टअखेर संपतो, ठकीला तोवर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू. हे शेवटचं विनोदाने म्हणायचं, म्हणजे एकदम रडवं वाटणार नाही.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

२७ जुलै, रविवार

ही घाईत होती. ठकीला चित्रकलेला सोडायचं होतं. अशी गोष्ट घाईत सांगायची नसते. उद्या.

२८ जुलै

फोन केला, पण सासूबाईंनी उचलला. त्यांना कसं सांगणार. त्यांनी विचारलं, तब्येत बरी ना. म्हटलं, एकदम ठणठणीत. उद्या नक्की.

३० जुलै

काल सांगणारच होतो, तर वादळ. आजही तेच, फोनच लागेना. सगळं माझ्याच मुळावर. उद्या सकाळी उठल्या उठल्या फोन, तोंड धुवायच्या आधी.

३१ जुलै, गुरुवार

कालच्या पावसानंतर हवा पालटली. सकाळी उठलो तर चक्क गारवा. खिडकी चार बोटं उघडली तेवढ्यातूनही वारा आला. आठवड्यात पहिल्यांदा झोप झाली. खूण चांगली आहे म्हटलं, आज सगळं सांगून मोकळा होतो.

मी फोन करणार, तोवर हिचाच आला. म्हणाली, आज शाळेत जाऊन आले. दाखला नाही काढत आहोत, बाईंना तसं सांगून आले.

मग म्हणाली, रागावू नकोस, पण मी खूप विचार केला. तिथे तुझं इतकं छान बस्तान बसलंय. हवा चांगली, माणसं चांगली, साहेब खूश. तुला कशाची अडचण नाही. मग पोरीची शाळा मोडून आम्ही तिथे येऊन करायचं काय? खरं सांगू, मी रोज वाट बघत होते. एकदा तरी म्हणशील, मला जमत नाहीये, या तुम्ही. उकडत असतं ना तिथे, तरी आले असते मी. घोळण्याचं काय, ओला रुमाल ठेवतो आपण. पण तू एकदासुद्धा म्हणाला नाहीस.

तिच्या आवाजात रडू होतं. ते मला कळलं, नेटवर्कचा प्रश्न नव्हता.

आरशासमोरचं सगळं वाक्य जिभेवर होतं. मला जमत नाहीये गं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं. शाळा संध्याकाळपर्यंत उघडी असते, बाईंना परत सांगता आलं असतं.

म्हटलं, अगदी योग्य निर्णय. ठकीचं वर्ष महत्त्वाचं. माझी इथे काही काळजी करू नकोस, मी उत्तम आहे.

ती म्हणाली, नक्की ना? म्हटलं, नक्की. मागे ठकी दुपारच्या शाळेसाठी बुटांची लेस बांधायला आईला हाका मारत होती. मग तिने परत विचारलं, नक्की?

मी परत म्हटलं, नक्की.